सगळी लक्षणं असलेला रोगी

१

ड्रॉइंग मास्तर पहाटे हॉस्पिटलच्या वॉर्डात वारले, आणि सकाळचा चहा व्हायच्या आत कळलं की त्यांचा रिपोर्ट खोटा होता.

मास्तरांची मूत्रपिंडं केव्हाच कामातून गेली होती. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचत जातं. फार साचलं की हृदय आधी अडखळतं आणि मग थांबतं. म्हणून डायलिसिसच्या मशीनवर आज घ्यायचं की उद्या, हे त्या एका आकड्यावर ठरतं. आदल्या दिवशी मशीनसाठी रांग लागली होती. डॉक्टरांनी लॅबचा रिपोर्ट पाहिला, पोटॅशियम अगदी नॉर्मल दिसलं, आणि ते मास्तरांना म्हणाले, "आज निवांत झोपा, सकाळी पहिला नंबर तुमचा." मास्तर आयुष्यभर शिस्तीचे, त्यांनी ऐकलं. शेवटच्या घटकेला काढलेल्या रक्तात मात्र पोटॅशियम इतकं निघालं की शिकाऊ नर्ससुद्धा तो आकडा बघून धावत सुटली असती.

मग सगळे त्या आदल्या दिवशीच्या रिपोर्टवर तुटून पडले. लॅबचं मशीन बिघडलं म्हणावं तर त्याच नळीतल्या रक्ताचे बाकीचे आकडे जागच्या जागी होते, मास्तरांच्या आजाराला शोभतील इतके वाईट. चुकला होता तो एकटा पोटॅशियमचा. म्हणजे तो कुणीतरी हाताने बदलला होता. रिपोर्टच्या तळाशी, कॉम्प्युटर कुणाच्या नावाने उघडला होता ते छापलेलं होतं. नाव लॅबच्या टेक्निशियन बाईंचं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी ठाण्यात हजर व्हायचं होतं, आणि तिथून त्या घरी परत येतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

धाकटीला दादाचा फोन आला तो शनिवारी. धाकटीचं कामच असं की मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरना काही बाधलं की तिला बोलावतात. ती काय बाधलं, कुठून आलं, कुणी आणलं ते शोधते आणि लिहून देते. तिचं लिहिलेलं कोर्टात चालतं. एवढा दरारा बाहेर. घरात ती अजून छकूच.

"छकू, लगेच निघ. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. त्यानेच आकडा बदलला. तू तेवढं लिहून दे, म्हणजे ती बिचारी सुटेल."

"येते. पण आधी कॉम्प्युटर बघते. त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस."



"बघायला आता काय राहिलंय त्यात? मी तो कालच फॉरमॅट करून घेतला. सगळं पुसलं."

२

दादाची लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पुढे काउंटर, तिथे वहिनी. मधे मशीनची खोली. मागे दादाची केबिन, आणि केबिनमध्ये दादा, दाढी वाढलेला आणि डोळे तांबारलेले. वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती आणि दादा मेडिकलला. तिच्या वेण्या घालून तो कॉलेजला जायचा. त्या वेण्या वाकड्या असायच्या, पण धाकटीला त्याच्यापेक्षा मोठा माणूस या जगात कधी दिसला नाही.

"रोग्याचे अंत्यसंस्कार उरकलेस आणि मग डॉक्टरला बोलावलंस," ती म्हणाली. चेष्टा करायचा प्रयत्न होता, तो जमला नाही.

"घाबरलो होतो गं. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट बिघडला असता तर?"

"बरं. आता नातेवाइकांना विचारूनच रोग ओळखायचा. लक्षणं सांग. काय काय होत होतं?"

दादा सांगू लागला. कॉम्प्युटर मंद झाला होता. मधेच गोठायचा. आतला पंखा घोंघावायचा. पडद्यावर आपोआप जाहिराती उघडायच्या. माउसचा बाण कुणी हात न लावता फिरायचा. फायली गायब व्हायच्या, भलत्याच नावांच्या फायली दिसायच्या. अँटीव्हायरस आपणहून बंद पडला होता. ओळखीच्या लोकांना कॉम्प्युटर आपल्या मनाने मेल पाठवत होता. तो एका दमात बोलत होता आणि धाकटी मान हलवत होती. एकही लक्षण चुकीचं नव्हतं. कुठल्याही जाणकाराने लिहून द्यावं असं सगळं.

"केव्हापासून?"

"आठवडा तरी झाला असेल. मी लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. तेवढी माझ्यावर ढकल." तो पुढे वाकला. "छकू, तू व्हायरस म्हणून लिहिलंस की ती सुटते. कुणाच्याच अंगावर काही शेकत नाही. मास्तर काही परत येणार नाहीत."

धाकटीने कागद पुढे ओढला. लिहायला वेळ तो काय लागणार होता? भावावर विश्वास होता आणि एक निरपराध बाई तुरुंगाच्या दारात उभी होती. पण आयुष्यभर दुसऱ्यांना 'आधी बघा, मग बोला' असं बजावत आलेल्या बाईला न बघता सही करवेना. ती उठली.

"वहिनीशी आणि बाकीच्यांशी बोलून येते. दोन ओळी त्यांच्याही हव्यात."

"त्यांना काय विचारायचंय?" दादा म्हणाला, आणि ते त्याने जरा घाईने म्हटलं.

३

वहिनीने काउंटरवरूनच तिला चहा दिला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"इथपर्यंत पोचलाय तो मेला व्हायरस. हा बघ, माझाही कॉम्प्युटर. रांगतोय नुसता. आणि काल मला पासवर्ड दोनदा विचारला त्याने, पूर्वी कधी विचारत नव्हता."

धाकटीने कॉम्प्युटर बघितला. बिल छापायचा प्रोग्रॅम, त्याच्यामागे उघडी ठेवलेली मालिका, तिच्यामागे भाच्याच्या सहलीचे फोटो आणि शिवाय साड्यांची चार दुकानं. व्हायरसला पाय ठेवायलासुद्धा जागा नव्हती. तिने एकेक बंद केलं तसा कॉम्प्युटर ताळ्यावर आला.

"वहिनी, हा रांगतोय हे तुला कधी जाणवलं?"

"काल. म्हणजे तुझ्या दादाने सांगितलं ना, की व्हायरस आलाय, सगळ्यांनी लक्ष ठेवा. मग मी लक्ष ठेवलं तर खरंच दिसलं."

"आणि त्याच्याआधी?"

वहिनी विचारात पडली. त्याच्याआधी तिला काही दिसलं नव्हतं. शेजारी कुणाला खरूज झाली म्हटलं की आपल्यालाही खाज सुटते, तसंच हे. मास्तर गेले तोवर लॅबमध्ये व्हायरसचं नाव कुणी काढलं नव्हतं. ते गेले आणि दुपारपर्यंत सगळ्यांना लक्षणं दिसू लागली.

"आतल्या कॉम्प्युटरवर तू कधी बसतेस का?"

"बसते की. पेशंटचं नाव चुकलं तर तिथेच सुधारावं लागतं. टेक्निशियन सकाळी आपल्या नावाने उघडते तो संध्याकाळपर्यंत उघडाच. मी बसते, रक्त आणणारा आपला डास बसतो, तुझा दादा दुपारी तिथेच बसून रिपोर्ट बघतो, छापतो, सह्या करतो. आपल्याच घरातलं ते, कोण सारखं बंद करून उघडणार?"

म्हणजे त्या तळाच्या नावाला काडीची किंमत नव्हती. खुर्चीवर जो बसेल तो टेक्निशियन. धाकटीला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. टेक्निशियन सुटली की उरत होती तिघं, आणि त्यातली दोन तिच्या घरातली होती.

"खरं सांगू?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "इतकं छान चाललं होतं. पूर्वी लोक भांडायला यायचे इथे, पुन्हा रक्त द्यायला का बोलावता म्हणून. म्हातारी माणसं, एकदा टोचलेलंच दुखतं. वर्षभर एक तक्रार नाही बघ. दृष्ट लागली."

धाकटी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबली. तक्रारी वर्षभरापूर्वी अचानक का थांबल्या, हे वहिनीला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

४

डास हा लॅबचा रक्त आणणारा माणूस. दारोदार फिरून रक्त काढायचं म्हणून हे नाव, आणि त्यालाही ते आवडायचं. मधल्या खोलीत तो आपली बर्फाची पेटी धूत होता.

"ताई, कॉम्प्युटरची काही चूक नाही. गरीब आहे तो. पंखा घोंघावायचा हे खरं. मंद व्हायचा, गोठायचा, तेही खरं. पण ते तर मी आलो त्या दिवसापासून."

कॉम्प्युटरवर जाड प्लॅस्टिकचं आवरण होतं, खालपर्यंत घट्ट बसवलेलं. लॅबमधली माणसं ती. रसायनाचा थेंब उडू नये, धूळ बसू नये म्हणून सगळ्याला टोपरी घालतात. कॉम्प्युटरला मात्र त्या टोपऱ्यात श्वास घेता येत नव्हता. धाकटीने आवरण काढून पाठीवर हात ठेवला. पाठ तापलेली होती. पंखा का घोंघावतो, कॉम्प्युटर का गोठतो, हे हात ठेवताच कळलं.

मग ती वाकून मागची बाजू बघू लागली. पेन ड्राइव्ह लावायची भोकं गोंदाने बुजवलेली होती. इंटरनेटची वायर जिथे जाते तिथे टोपण होतं आणि टोपणावर धुळीचा जुना थर.

"हे कुणी केलं?"

"मशीन बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, पहिल्याच दिवशी. म्हणाला, याला नेट लावायचं नाही, बाहेरचं काही खुपसायचं नाही. आम्ही रिपोर्ट छापतो आणि हातात घेऊन पुढे नेतो. नेट नव्हतंच याला कधी, ताई."

धाकटी तशीच वाकून राहिली. नेट नाही तर जाहिराती येणार कुठून? मेल जाणार कुठून? दादाने सांगितलेली लक्षणं या कॉम्प्युटरला होणं शक्यच नव्हतं. ती लक्षणं खरी होती, पण कुठल्यातरी दुसऱ्याच कॉम्प्युटरची, नाहीतर एखाद्या माहितीच्या पानावरची.

ती सरळ झाली.

"तुझं आणि साहेबांचं कसं आहे?" तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"आता बरं आहे. पूर्वी रोज शिव्या. रक्त घेऊन स्कूटरवरून येताना नळ्या हिंदकळतात ना, रक्तातल्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. साहेब म्हणायचे, डासा, तू पेशंट मारशील. परत जाऊन नवीन रक्त आणायला लावायचे. आता वर्ष झालं, चकार शब्द नाही." डास हसला. "मलाच चुकल्यासारखं होतं. रस्ते तेच, स्कूटर तीच, तिचे शॉक अप्सपण गेलेले. पण पोटॅशियम वाढतच नाही."

५

टेक्निशियन बाई आपल्या घरी खिडकीपाशी बसल्या होत्या. सासूबाई दारात उभ्या, कुणी आलं की सुनेच्या आणि त्याच्या मधे येतील अशा. धाकटीने डॉक्टरसाहेबांची बहीण म्हणून सांगितलं तेव्हा त्या बाजूला झाल्या.

"मॅडम, एकच सांगा," टेक्निशियन म्हणाल्या. "मी मारलं का त्यांना?"

"तुम्हाला काय आठवतंय?"

"काहीच नाही. तेच तर. ट्रेमध्ये नळ्या लावायच्या, मशीन चालू करायचं, आकडे आपोआप कॉम्प्युटरवर जातात. मी दुसरा ट्रे लावायला घेते. कुठल्या नळीचा कुठला आकडा, कुणाला आठवेल? मी बदललं नाही असं मी पोलिसांना सांगते. पण झोपायला गेले की वाटतं, बदलला असेल. हात गेला असेल. मास्तर मला ओळखायचे हो. पूर्वी लॅबमध्ये यायचे, टोचताना म्हणायचे, हळू, कागद फाटेल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. सोमवारी कुणी नीट दटावून विचारलं तर ही बाई हो म्हणेल, हे धाकटीला स्वच्छ दिसलं. न केलेल्या गोष्टीचा तिने आत्ताच अर्धा कबुलीजबाब दिला होता.

"पोटॅशियम जास्त आलं तर तुमच्याकडे काय करायची पद्धत आहे?"

"आधी नळी उचलून बघायची. वरचं पाणी लालसर असेल तर पेशी फुटल्यात, आकडा खोटा, नवीन रक्त मागवायचं. पाणी पिवळं आणि स्वच्छ असेल तर आकडा खरा, लगेच हॉस्पिटलला फोन. ते साहेब बघतात. पूर्वी रोज कुणाचं तरी नवीन रक्त मागवावं लागायचं. आता लागत नाही. मला वाटलं, डास गाडी नीट चालवायला शिकला."

"मास्तरांची नळी आता कुठे असेल?"

"फ्रिजमध्ये. आठवडाभर ठेवतो आम्ही. नावाप्रमाणे रांगेत."

धाकटी लॅबकडे जवळजवळ पळत आली. डासाने फ्रिज उघडून ट्रे बाहेर काढला. नळ्या ओळीने उभ्या होत्या. मास्तरांच्या नावाच्या जागी नुसतं भोक होतं.

"मी नाही काढली," डास म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

६

धाकटीने केबिनचं दार आतून लावलं.

"दादा, शाळा बुडवायची असली की मी काय करायचे, आठवतंय?"

दादाने तांबारलेले डोळे चोळले.

"पोट दुखतंय म्हणायचे. मग डोकंही दुखतंय, तापही आहे, घसाही, गुडघाही. तू नुकताच मेडिकलला गेला होतास. म्हणालास, छकू, एका रोगाला एवढी लक्षणं नसतात. सगळी लक्षणं असलेला रोगी ढोंगी असतो, दप्तर उचल." ती खुर्चीत बसली. "तू मला सकाळी सगळी लक्षणं सांगितलीस. पंखा आणि गोठणं खरं होतं, ते टोपऱ्यामुळे. बाकीची तू कुठेतरी वाचलीस. त्या कॉम्प्युटरला नेटच नाही. जाहिराती आणि मेल त्याला होऊच शकत नाहीत."

"मग पेन ड्राइव्हमधून—"

"भोकं बुजवलेली आहेत. आणि बाहेरून कुणी माउसही हलवू शकत नाही. शिवाय व्हायरस आंधळा असतो दादा. तो फायली खातो, चोरतो, कुलूप घालतो. मास्तरांच्या नळीतले बाकीचे आकडे सोडून एकटं पोटॅशियम उचलायचं, आणि त्याच्या जागी नॉर्मलचा आकडा अगदी मधोमध बसवायचा, हे त्याला जमत नाही. त्यासाठी नॉर्मल काय ते माहीत असलेला माणूस लागतो."

दादाने टेबलाच्या खणावर हात ठेवला.

"वहिनी नावं सुधारते, आकड्यांतलं तिला ओ की ठो कळत नाही. डासावर मला संशय होता, कारण पोटॅशियम वाढलं की शिव्या त्यालाच बसायच्या. पण नळ्या टाकून तो पुढच्या फेरीला जातो, आकडे येतात तेव्हा तो रस्त्यावर असतो. आणि शिव्या का थांबल्या याचं त्याला स्वतःलाच नवल वाटतंय. टेक्निशियनलाही नवल वाटतंय, नवीन रक्त मागवायचं का थांबलं. वहिनीला तक्रारी थांबल्याचं कौतुक वाटतंय. तिघांना एकच गोष्ट दिसली आणि तिघांनी ती चांगली खूण समजली. स्कूटर तीच, खड्डे तेच, आणि वर्षभर एकही नळी बिघडत नाही. आजार तोच होता दादा. तो मशीनमध्ये नव्हता. आकडे छापायच्या आधी जो तिथे बसतो त्याच्यात होता."

दादाने टेबलाचा खण उघडला. कापसात गुंडाळलेली एक नळी काढून त्याने तिच्यासमोर ठेवली. वरचं पाणी पिवळं होतं आणि काचेसारखं स्वच्छ. लालसर छटेचा मागमूस नव्हता.

"टाकून देता येईना," तो म्हणाला. "ते गेल्याचं कळलं तेव्हा उठून बघितली. तोवर बघितलीच नव्हती."

"का?"

"सुरुवातीला प्रत्येक नळी उचलून बघायचो. लाल दिसली तर आकडा खाली आणायचो, बस. म्हाताऱ्यांच्या हातांना शिरा राहिलेल्या नसतात छकू, दोनदा टोचायचं म्हणजे बघवत नाही. लोक चिडायचे, दुसऱ्या लॅबमध्ये जायचे. मग लाल असलेल्या इतक्या निघायला लागल्या की… नळी बघायची म्हणजे प्रत्येक वेळी उठावं लागायचं. आकडा जास्त दिसला की मी धरून चालायचो, डासाने हिंदकळवली."

"उठावं लागायचं," धाकटी म्हणाली. तिला रडू फुटलं. तिने ते थांबवलं नाही. ज्याने वेण्या घातल्या त्याच्यासाठी ती रडत होती, आणि त्याच वेळी त्याच्याविषयी तिला तितकीच चीड आली होती.

"व्हायरस लिही," दादा हळूच म्हणाला. "ती सुटेल. मी पुन्हा कधी नाही करणार. वहिनीचा विचार कर."

"ती बाई झोपताना स्वतःला खुनी समजते. व्हायरस लिहिला तर तिला कधीच कळणार नाही की हात तिचा नव्हता. ठाण्यात फोन तू करतोस की मी?"

७

फोन दादाने केला. बाहेर काउंटरवर, वहिनीच्या देखत, उभ्याने. तपास अधिकारी पलीकडून प्रश्न विचारत होते आणि तो 'मीच', 'हो, मीच' म्हणत होता. टेक्निशियन बाईंनी सोमवारी यायची गरज नाही, असं शेवटी अधिकारी म्हणाले. डॉक्टरांनीच आज संध्याकाळी यावं. वहिनी मटकन खाली बसली. डास भिंतीला टेकून उभा होता, हातात ओली पेटी तशीच.

धाकटीने टेक्निशियनला फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगितलं. मग सासूबाईंचा आवाज आला, "ती बोलत नाहीये, पण ऐकलंय तिने."

वास्तविक इथे सगळं संपायला हवं होतं. धाकटीने पर्स उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"दादा, मास्तर एकटेच होते का?"

"म्हणजे?"

"वर्षभर तू आकडे बदललेस. शेवटी शेवटी नळी न बघता. त्यातले काही खरे असतील. ते कुणाचे?"

दादाचा चेहरा आधी कोरा होता. मग त्याला समजलं, आणि समजताना तिने पाहिलं. मशीनने दिलेले मूळ आकडे त्या एका कॉम्प्युटरमध्ये होते. बदललेला कुठला आणि न बदललेला कुठला, हे सांगणारी जगात तेवढीच एक जागा होती. ती त्याने आपल्या हाताने पुसून टाकली होती. त्याने नॉर्मल ठरवलेली माणसं कुठे कुठे आपला चांगला रिपोर्ट कपाटात ठेवून निर्धास्त होती, आणि ती कोण, हे आता त्यालाही कळणार नव्हतं.

"सगळ्यांनाच बोलवावं लागेल," वहिनी खालूनच म्हणाली. "नंबर आहेत माझ्याकडे."

मूत्रपिंडाच्या रोग्यांपासून सुरुवात करायची ठरली. दादा म्हणाला, मी करतो. वहिनी नंबर वाचत होती आणि तो फोन लावत होता. पुन्हा रक्त द्यायला या, आजच्या आज, पैसे नाहीत, चूक आमची. पहिल्याने हो म्हटलं. दुसऱ्याने दोन शिव्या दिल्या आणि येतो म्हटलं. तिसरा फोन एका बाईंनी उचलला. दादाने त्यांच्या यजमानांचं नाव घेऊन विचारलं, आहेत का.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि फोन असा मोठ्या आवाजावर लावलेला की सगळ्यांना ऐकू जात होतं. "ते गेले. पावसाळा संपता संपता. झोपेतच."

"झोपेत," दादा एवढंच म्हणाला.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ," बाई त्याची समजूत घालत म्हणाल्या. "तुमच्याकडून काही कमी पडलं नाही. शेवटचा रिपोर्टसुद्धा अगदी नॉर्मल होता हो त्यांचा."